पाळी, एमपीएससी आणि कपाटावरचा तबला

तिसरी_पाळी
२०२३ ला कराडहून मेकॅनिकल केलं. तेव्हापासून चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे. हातात बावीस हजार येतात. मेदनकरवाडीत तिघांत एक खोली. पाळी दर आठवड्याला फिरते. झोप रुळेपर्यंत शनिवार उजाडतो आणि सोमवारपासून पुन्हा नवी पाळी.

काम तसं आवडतं. परवा एका लॉटचा बोअर (पार्टमधलं भोक) तीस मायक्रॉनने मोठा निघाला म्हणून मी लाइन थांबवली, तर प्रॉडक्शनवाल्याने सगळ्यांसमोर झापलं. माल तसाच पुढे गेला असता तर तोच मला विचारायला आला असता. असो.

कॉलेजात असताना रोज तासभर तबला व्हायचा. मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्यात. इथे आलो तेव्हा तबला घरी कपाटावर ठेवला, डग्ग्यावर जुनी साडी गुंडाळून. दिवाळीला खाली काढला तर डग्ग्याची शाई, म्हणजे वरचा काळा गोल, तडकलेली. तेव्हापासून हात लावला नाही.

आमच्या गल्लीतला एक जण पीएसआय झाला. मिरवणूक, गुलाल, सगळं झालं. आता आई रोज फोनवर म्हणते, नोकरी सोड, पुण्याला एमपीएससीचा क्लास लाव. वडील म्हणाले, उसाच्या बिलातून भागवू. सोडू का?

पेठेतला_जुना
मित्रा, एमपीएससीसाठी सदाशिव पेठेत चार वर्षं काढली, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत फक्त एका कॉटचं भाडं भरून. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो, मुलाखतीचं तोंड पाहिलं नाही. २०२३ च्या सुरुवातीला राज्यसेवेचा नवा वर्णनात्मक पॅटर्न पुढे ढकला म्हणून आंदोलन झालं, त्यात मीही रस्त्यावर बसलेलो. तो २०२५ पर्यंत पुढे गेला, तोवर माझा धीर संपला. आता राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक आहे, पानंच्या पानं लिहावी लागतात.

खोली, मेस, अभ्यासिका, क्लास. ऊस कितीही येऊ दे, दुसऱ्या वर्षी घरी पैसे मागताना जीभ जड होते.

तुझी पोस्ट दोनदा वाचली. तबल्यावर चार ओळी आहेत, बोअरवर दोन. परीक्षेबद्दल जे आहे ते आईचं. राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आहे, घाई नाही. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी दोन तास बसून बघ, तीन महिने. जमलं आणि गोडी लागली तर सोड.

भोसरी_सीएमएम
मी नऊ वर्षं याच कामात आहे, पहिली तीन पाळीत. इंटरव्ह्यूला कोणी सांगत नाही ते सांगते. स्टँडर्ड रूम (मोजमापाची खोली) आणि कॅलिब्रेशनला (मोजायची साधनं तपासायचं काम) बहुतेक ठिकाणी जनरल शिफ्ट, म्हणजे फक्त दिवसाची ड्युटी असते. सीएमएम, म्हणजे पार्टची मापं अचूक घेणारं मशीन, चालवायला शिकून घे. तुमच्याकडे मशीन असेल तर ऑपरेटरला चहा पाज आणि सुट्टीच्या दिवशी शेजारी उभा राहा. मी तशीच शिकले. ड्रॉइंगवरचं जीडी अँड टी (आकार आणि मापात किती फरक चालेल ते सांगणाऱ्या खुणा) नीट वाचता आलं की अर्धं काम झालं. तीस मायक्रॉनसाठी लाइन थांबवणारा पोरगा मला उद्या चालेल, पण आमच्याकडे सध्या जागा नाही.

दुसरं, कंपनी बदललीस तर पीएफ काढू नकोस, नव्या खात्यात ट्रान्सफर कर. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढला तर टॅक्स लागतो. मी काढला होता. त्यातून स्कूटी घेतली, तीही चोरीला गेली.

तिसऱ्या पाळीनंतर झोपताना खिडकीला पुठ्ठा लाव. पडद्याने काही होत नाही. आणि रविवारचा ओटी (ओव्हरटाइम) महिन्यातून एकदाच घे. साहेब दोनदा तोंड वाकडं करतात, मग सवय होते.

तिसरी_पाळी
ताई, दादा, दोघांचेही आभार. सीएमएम आहे आमच्याकडे, काचेच्या खोलीत, एसीत. आम्ही उन्हाळ्यात पार्ट दाखवायच्या निमित्ताने तिथे जाऊन उभे राहतो. ऑपरेटर सांगलीचा निघाला. उद्या बोलतो.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. गणपतीला घरी गेलो की डग्गा शाई भरायला मिरजेला टाकणार आहे. खोलीवर वाजवू देतील का, ते रूममेटना विचारलं. एक म्हणाला, माझी तिसरी पाळी नसेल त्या आठवड्यात वाजव.