लग्नपत्रिकेला रोझा वन हा फॉन्ट चालेल का?

भाचीची पत्रिका मीच करतोय. नावं रोझा वनमध्ये झकास दिसतात, पण मुहूर्ताची ओळही त्यातच घेतली तर 'श्री'ची बारीक रेघ छपाईत उडाली. कागद बदलू?

— कागदाचा काय दोष, काका! हा मथळ्याचा टाइप. इंडियन टाइप फाउंड्रीचा, २०१४चा. जाड रेघ गलेलठ्ठ, बारीक केसाएवढी. १२ पॉइंटला केस गळणारच. नावं ४०च्या वर ठेवा, बाकी मजकूर 'मुक्त' या फॉन्टमध्ये घ्या.

— सोनेरी फॉइल असेल तर आधी एक प्रूफ काढा. 'चि. सौ. कां.'चा अनुस्वार माझ्याकडे एकदा चक्क गायब झाला होता.

— ४८ला घेतलं, रेघ शाबूत! दाजी मात्र म्हणतात, पेपरची हेडलाइन वाटते.