झिबिस्कोची ओळख केवळ ‘गामापुढे पालथा पडलेला’ एवढीच असावी का?

लालमाती : शुक्रवार पेठेतल्या ज्या तालमीत मी लहानाचा मोठा झालो, तिथे स्टॅनिस्लॉस झिबिस्को हे नाव एकाच कारणासाठी घेतले जाई. १९१० साली लंडनमध्ये आपल्या गामा पैलवानासमोर जो, पाठ टेकून चीत होऊ नये म्हणून, अडीच तास पालथा पडून राहिला आणि आठवड्याने ठरलेल्या निकाली कुस्तीला फिरकलाच नाही, तो हा पोलंडचा पैलवान. गेल्या महिन्यात त्याची पुढची कारकीर्द वाचली आणि आपण त्याच्यावर अन्याय करत आलो, असे मनापासून वाटले. १९२१ साली, चाळिशी उलटल्यावर, त्याने एड लुईससारख्या मल्लाकडून जागतिक अजिंक्यपद घेतले. पुढे अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीचे निकाल आधीच ठरू लागले, आणि धंदा हाती असलेल्या मंडळींनी वेन मन या धिप्पाड फुटबॉलपटूला, कुस्तीचे फारसे शिक्षण नसताना, १९२५च्या जानेवारीत विजेता करून टाकले. एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात झिबिस्कोने त्याच्याकडून हरायचे ठरले होते. त्याने खरी कुस्ती धरली आणि मनला इतक्या वेळा चीत केले की पंचाला निकाल देण्यावाचून गत्यंतर उरले नाही. नुरा, म्हणजे आधीच ठरवलेल्या, कुस्तीच्या बाजारात खरी विद्या अशी उभी राहिली, याचे मला अतिशय अप्रूप आहे.

जोरबैठक : आपला आदर राखून असहमती नोंदवतो. झिबिस्कोने हे कुस्तीच्या प्रेमापोटी केले नाही. तो प्रतिस्पर्धी गटाला आतून मिळालेला होता आणि मे महिन्यातच सेंट लुईसला त्याने ते अजिंक्यपद जो स्टेचरच्या हाती दिले. एका ठरवाठरवीतून दुसऱ्या ठरवाठरवीत जाणाऱ्याला विद्येचा कैवारी कसे म्हणावे? आमच्या वस्तादांनी पैसे घेऊन कुस्ती सोडणाऱ्या पोराला पुन्हा आखाड्याच्या हौद्यात पाय ठेवू दिला नव्हता. मापदंड सर्वांना एकच हवा.

गदालोट : मग दारासिंग यांचे काय? १९६८ साली मुंबईत त्यांनी अमेरिकन मल्ल लू थेझला हरवले, तोही व्यावसायिक आखाडाच होता. त्यांना आपण घरातल्या माणसासारखे मानतो.

जोरबैठक : दारासिंग यांच्यावर माझेही प्रेम आहे, पण ते प्रेम आणि मातीतल्या निकाली कुस्तीचा मान या गोष्टी मी वेगळ्या ठेवतो.

लालमाती : स्टेचरविषयीचा आपला मुद्दा मला मान्य आहे, त्याचा हेतू शुद्ध होता हा आग्रह मी सोडतो. विद्येचा मुद्दा मात्र सोडत नाही, कारण करार मोडायचा तर समोरच्याला खरोखर चीत करावे लागते. पालथे पडून राहण्याबद्दलही बोलायला हवे. आमच्या तालमीत एका जोडीदाराने, कोपरे बरगड्यांना चिकटवून आणि मान आखडून, मला पाऊण तास एक डाव लागू दिला नव्हता. त्याच्या पाठीवरची ताक-तेलात मळलेली माती घामाने निसरडी झाली होती आणि माझी बोटे त्याच्या काखेत शिरतच नव्हती. ती कुस्ती प्रेक्षकांना कंटाळवाणी वाटते, हे खरे. पण गामासारख्याला अडीच तास थोपवायला अंगात काहीतरी असावे लागते.

जोरबैठक : तो वजनाने गामाहून बराच जड होता, हे आपण सांगितले नाहीत. शिवाय १९२८ साली पतियाळात गामाने त्याला एका मिनिटाच्या आत आस्मान दाखवले. वयाची सबबही चालणार नाही, कारण गामासुद्धा तेव्हा पन्नाशीच्या आसपासच होता.

लालमाती : सबब मी सांगतच नाही. अठरा वर्षांपूर्वी ज्या कुस्तीला तो आला नव्हता, त्याच माणसाशी लढायला तो पन्नाशीला टेकल्यावर समुद्र ओलांडून, गामाच्या मुलखात, गामाच्या मातीत उतरला. तिथे हरलेल्या माणसाला आमच्या तालमीत पळपुटा म्हणत आले, आणि लहानपणी मीही म्हणालो आहे.

जोरबैठक : पतियाळापुरता ‘पळपुटा’ हा शब्द मी मागे घेतो. लंडन आणि फिलाडेल्फियाबद्दलचे माझे मत कायम आहे.