'थर्ड पर्सन शूटर'ला मराठीत काय म्हणावे?

२००७ साली मिडवे कंपनीचा 'स्ट्रँगलहोल्ड' हा व्हिडिओ गेम आला. जॉन वू यांच्या १९९२च्या 'हार्ड बॉइल्ड' या हाँगकाँगच्या चित्रपटाची पुढची कथा त्यात आहे. नायक तोच, इन्स्पेक्टर टकीला. चेहरा आणि आवाजही चाउ युन-फॅट यांचाच. या खेळावर मराठीत सविस्तर लिहितो आहे आणि पहिल्याच ओळीत अडलो आहे. 'थर्ड पर्सन शूटर', म्हणजे ज्यात कॅमेरा नायकाच्या मागे राहतो असा गोळ्या झाडण्याचा खेळ, हे मराठीत कसे लिहावे? 'तृतीयपुरुषी निवेदन' हा शब्द समीक्षेत रुळलेला आहे, म्हणून 'तृतीयपुरुषी नेमबाजीचा खेळ' असे लिहिले. शब्दाला शब्द जुळतो, पण वाचताना खेळ डोळ्यांपुढे उभा राहत नाही. 

प्रतिसाद :
'तृतीयपुरुषी' मुळातच चुकतो असे मला वाटते. कादंबरीतला तृतीय पुरुष म्हणजे 'तो'. सांगणारा वेगळा आणि पात्र वेगळे. इथे टकीलाची पाठ, खांदे, दोन्ही हातांतली पिस्तुले पडद्यावर दिसतात हे खरे, पण त्याला गोळी लागली की खेळणारा 'तो मेला' म्हणतो का? 'मेलो!' असेच तोंडून निघते. म्हणजे क्रियापद प्रथमपुरुषीच राहिले. बदलतो तो पुरुष नव्हे, कॅमेऱ्याची जागा बदलते. आपल्याकडे यासाठी 'पाठमोरा' हा नेमका शब्द आहे. ज्याची पाठ आपल्याकडे आहे तो पाठमोरा, आणि तो जिकडे बघतो तिकडेच आपणही बघतो. इतके सगळे या एका शब्दात येते.

प्रतिसाद :
'पाठमोरा' आवडला, फक्त 'पाठमोरा खेळ' म्हणू नये. खेळ पाठमोरा नसतो, नायक असतो. 'पाठमोऱ्या नायकाचा खेळ' म्हणा. 

'नेमबाजी'ला मात्र माझा विरोध आहे. नेमबाजी म्हटले की श्वास रोखून एका लक्ष्यावर केलेला एक बार आठवतो. टकीलाच्या चार खास शक्तींपैकी एकच तशी आहे. तीत नेम धरून गोळी सोडली की कॅमेरा गोळीच्या मागोमाग जातो. उरलेल्यांपैकी एकीत कमी झालेली जीवशक्ती परत भरते, एकीत तो न थांबता फैरी झाडत सुटतो, आणि शेवटचीत गर्रकन फिरत चहूबाजूंना गोळ्या घालतो, भोवती पांढरी कबुतरे उडतात. याला नेमबाजी म्हणणे म्हणजे शब्दावर अन्याय. 'गोळीबाराचा खेळ' हे साधे आणि खरे. 'चकमक' सुचत होते, पण तिला आपल्या बातम्यांमधला वेगळा वास आहे, हाँगकाँगच्या इन्स्पेक्टरला तो चिकटवू नये. त्याच कारणाने त्याला 'फौजदार'ही करू नका.

प्रतिसाद :
नावाचाही विचार व्हावा. 'स्ट्रँगलहोल्ड'चे शब्दशः मराठी 'गळचेपी' होते, पण आता आपण गळचेपी म्हणतो ती विचारांची, मतांची. गुन्हेगारी टोळ्यांची पकड सांगायची तर 'मगरमिठी' जवळचा. अर्थात लेखात नाव मूळच ठेवावे. अर्थ एकदा सांगितला की पुरे.

मूळ प्रश्नकर्ता :
नाव मूळच ठेवतो. आणखी एक अडचण 'टकीला टाइम'ची आहे. शत्रू नेमात असताना टकीलाने सूर मारला, जिन्याच्या कठड्यावरून घसरला किंवा झुंबराला लटकला की काळ आपोआप मंदावतो. मी 'संथगती' लिहिले आहे.

प्रतिसाद :
'सूर मारणे' अगदी बरोबर. 'उडी' लिहिले असते तर तो आडवा झेपावलेला देह दिसला नसता. 'संथगती'बद्दल शंका आहे. संथ वाहते ती नदी, तिच्यात ताण नाही. इथे जग मंदावते, पण खेळणाऱ्याचा हात मंदावत नाही, त्याला नेम धरायला वेळ मिळतो. क्षण ताणला जातो. 'ताणलेला क्षण' म्हणून बघा. जुन्या कालमापनात ६० विपळांचे एक पळ आणि ६० पळांची एक घटिका, म्हणजे विपळ भरते ०.४ सेकंदाचे. 'विपळाचे पळ होते' असे लिहिता आले तर मला फार आनंद होईल. एक विपळ ताणून पळभर पुरवणे, हेच तर त्या खेळात घडते.

मूळ प्रश्नकर्ता :
हे वाक्य घेतो. सुरुवात आता अशी केली आहे : 'पाठमोऱ्या नायकाचा हा गोळीबाराचा खेळ. टकीला सूर मारतो आणि विपळाचे पळ होते.' राहिला 'स्टँडऑफ'. 'आमनासामना' चालेल?

प्रतिसाद :
आमनेसामने दोन बाजू लागतात, साधारण बरोबरीच्या. खेळात टकीला एकटा असतो, भोवती अनेक बंदुका रोखलेल्या असतात, आणि एकेकाची गोळी चुकवत त्याला एकेकाला टिपायचे असते. ही 'कोंडी' आहे. शेवटचा माणूस पडला की ती फुटते, आणि मराठीत कोंडी फुटतेच.