सर्व्हिस उठली नाही तर प्लेबुक थांबवावं की पुढे रेटावं?

रात्रपाळी
आमच्याकडे सर्रास चालतं: ॲन्सिबलमध्ये (अनेक सर्व्हरवरची कामं आपोआप करणारं साधन; त्याला दिलेली कामांची यादी म्हणजे प्लेबुक, त्यातलं एकेक काम म्हणजे टास्क) सर्व्हिस रिस्टार्टचा टास्क अडला की त्याला 'इग्नोर एरर्स' (चूक झाली तरी पुढे जा) लावून मोकळं व्हायचं. माझा याला ठाम विरोध आहे. मागच्या महिन्यात १२ सर्व्हरवर एनजिनएक्स या वेब सर्व्हरचं नवं कॉन्फिग टाकलं. एका ओळीच्या शेवटी सेमीकोलन द्यायचा राहिला होता. रिस्टार्ट फसला, प्लेबुक पुढे गेलं, शेवटी प्रत्येक सर्व्हरपुढे 'फेल्ड ०'. शेजारी 'इग्नोर्ड १' होतं, पण पहाटे अडीचला तिथवर नजर जात नाही. साइट सकाळपर्यंत बंद.

काळा दगड
थांबवण्याचे हाल मी भोगलेत. हँडलर, म्हणजे काही बदललं तरच चालणारे रिस्टार्टसारखे टास्क, प्लेच्या (प्लेबुकच्या एका भागाच्या) शेवटी चालतात. कॉन्फिग बदललं, हँडलरला नोटिफाय गेलं आणि मध्येच दुसरा कुठला टास्क पडला, तर त्या सर्व्हरवर हँडलर चालतच नाही. पुन्हा चालवलं की फाइल आधीच बदललेली, म्हणून टास्क नुसता 'ओके' आणि नोटिफाय नाही. आमचं साइटच्या सुरक्षित जोडणीचं टीएलएस सर्टिफिकेट असंच डिस्कवर नवं, मेमरीत जुनं राहिलं. मुदत संपल्यावर ग्राहकाच्या फोनने कळलं. आणि निमित्त काय, तर लॉग रोटेशनचा (जुने लॉग बाजूला काढण्याचा) टास्क पडला! मी इग्नोर लावणारच.

रात्रपाळी
लॉग रोटेशनला खुशाल लावा. पण हँडलर बुडण्यावर 'फोर्स हँडलर्स' (टास्क पडला तरी नोटिफाय झालेले हँडलर चालवणारी सेटिंग) आहे ना. त्यासाठी सर्व्हिसचं अपयश कशाला गिळायचं?

घाटमाथा
मुळात रिस्टार्ट कशाला? आधी 'एनजिनएक्स -टी' (कॉन्फिगची तपासणी), मग रीलोड (सर्व्हिस बंद न करता नवं कॉन्फिग वाचणं). रीलोडला कॉन्फिग चुकीचं मिळालं तर जुनी प्रोसेस जुन्याच कॉन्फिगवर चालू राहते.

काळा दगड
एनजिनएक्सचं ठीक. आमची जावाची सर्व्हिस सिस्टमडीत (लिनक्सवर सर्व्हिसेस चालवणारी व्यवस्था) 'टाइप सिंपल' आहे. प्रोसेस सुरू झाली की स्टार्ट यशस्वी. डेटाबेस न मिळून दोन सेकंदांत मेली तरी टास्क हिरवाच. तुमचं प्लेबुक थांबणार कशावर?

रात्रपाळी
हेल्थ यूआरएलवर, म्हणजे सर्व्हिस ठीक आहे का ते सांगणाऱ्या पत्त्यावर. रिस्टार्टनंतर २०० (सगळं ठीक) हे उत्तर येईपर्यंत 'अंटिल' लावून ठरावीक वेळा विचारा. नाहीच आलं तर 'रेस्क्यू'मध्ये (टास्क पडल्यावर चालणाऱ्या भागात) जुनी फाइल परत ठेवा, सर्व्हिस उठवा आणि शेवटी स्वतः 'फेल' करा. ते विसरलात तर ॲन्सिबल त्या सर्व्हरला सावरलेला धरून पुढे जातं. सोबत 'सीरियल १' (एका वेळी एकच सर्व्हर) ठेवा, म्हणजे पहिलाच पडला तर बाकीच्यांना हात लागत नाही.

काळा दगड
फेल करणं पटलं. पण ४० सर्व्हर एकेक करून? रात्र पुरायची नाही.

घाटमाथा
सीरियलला यादी देता येते: आधी १, मग १०, मग उरलेले सगळे. आम्ही तसंच करतो.