शब्दचर्चा : ‘घनता’ – मिश्र जंगलाच्या मोजणीत हा आकडा नक्की कशाचा?

तेंदूपान (कुरखेडा)

सामूहिक वनहक्काच्या (ग्रामसभेला मिळालेल्या जंगलाच्या) व्यवस्थापन आराखड्यासाठी जो तक्ता वापरून राहिलो, त्यात ‘घनता’ असा एक रकाना आहे. एकाच कक्षात (जंगलाच्या एका आखलेल्या भागात) मोजणी करणाऱ्या तीन गटांनी त्यात तीन आकडे लिहिले: ०.६, ४०० आणि १०.४. जंगल तेच, साग-येन-मोह-बांबूचं. यातला बरोबर कोणता? दुसरं असं की झाडांच्या यादीत ‘साग’ आणि ‘आडजात’ एवढेच दोन रकाने आहेत. बिजा, चार, हिरडा, मोह सगळं आडजातीतच लिहायचं का?

गेरूपट्टा

तिन्ही बरोबर असू शकतात, भाऊ. तिघांनी एकक गाळलं, एवढीच गडबड आहे. ‘घनता’ हा शब्द आपल्याकडे तीन कामं करतो.

०.६ ही छत्र-घनता. वरून पाहिलं तर जमिनीचा किती हिस्सा झाडांच्या छत्राखाली झाकला जातो, ते. वनविभागाच्या कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलाच्या कामाच्या आराखड्यात, ती दशांशात लिहितात. भारतीय वन सर्वेक्षण हीच गोष्ट टक्क्यांत सांगतं: ७० टक्के आणि वर अतिघन, ४० ते ७० मध्यम घन, १० ते ४० खुलं, १० च्या खाली झुडपी.

४०० ही झाडसंख्या, दर हेक्टरी. १०.४ हा बेसल एरिया: छातीच्या उंचीवर सगळी खोडं आडवी कापली असती तर त्या कापांचं क्षेत्रफळ, चौरस मीटर दर हेक्टरी. मराठीत कोणी ‘खोडक्षेत्र’ म्हणतं. मला तो शब्द पटतो, ऐकताच अर्थ कळतो.

एकाच वयाच्या साग रोपवनात हे तिन्ही आकडे बरेचसे हातात हात घालून चालतात, म्हणून तिथं नुसतं ‘घनता’ म्हटलं तरी निभतं. तीन-चार थरांच्या मिश्र जंगलात ते एकमेकांपासून सुटतात. तिथं नुसत्या ‘घनता’ला अर्थ उरत नाही. रकाना फोडा आणि प्रत्येकापुढे एकक लिहा.

मोजणीदार

ते कसे सुटतात ते आकड्यांत दाखवतो. समजा ०.१ हेक्टरचे दोन प्लॉट (मोजणीसाठी आखलेले तुकडे) आहेत, दोन्हीत ४०-४० झाडं.

पहिल्यात चाळीसही झाडं ३० सेंमी गोलाईची, म्हणजे खोडाच्या घेराची. दुसऱ्यात २५ झाडं ३० सेंमीची, १० झाडं ६० ची आणि ५ झाडं १२० ची. झाडसंख्या दोन्हीकडे हेक्टरी ४००. पण खोडक्षेत्र पहिल्यात २.९ चौ.मी. आणि दुसऱ्यात १०.४. दुसऱ्या प्लॉटमधली ती पाच जाड झाडंच अर्ध्याहून जास्त खोडक्षेत्र धरून आहेत.

हिशेब असा: गोलाई मीटरमध्ये घ्या, प्रत्येक झाडाच्या गोलाईचा वर्ग करा, सगळ्या वर्गांची बेरीज करा. प्लॉट ०.१ हेक्टरचा असेल तर बेरजेला ०.७९६ ने गुणा, की थेट चौ.मी. दर हेक्टरी येतं. दुसऱ्या प्लॉटची बेरीज १३.०५ येते, गुणाकार १०.४.

इथं एक चूक हमखास होते. आधी सरासरी गोलाई काढतात आणि मग वर्ग करतात. दुसऱ्या प्लॉटची सरासरी गोलाई ४८.७५ सेंमी, तिच्यावरून खोडक्षेत्र ७.६ येतं, खरं आहे १०.४. एकसारख्या रोपवनात हा फरक किरकोळ असतो. थरांच्या जंगलात चौथा हिस्सा उडून जातो. वर्ग आधी, बेरीज नंतर.

आणि ‘झाड’ कशाला म्हणायचं, ते तक्त्याच्या डोक्यावर लिहा. १० सेंमी व्यासापासून झाड धरायचं ठरवलं तर ती सीमा ३१.४ सेंमी गोलाईला येते. मग दुसऱ्या प्लॉटमधली ती २५ बारकी झाडं गळतात आणि संख्या ४०० वरून १५० वर येते. खोडक्षेत्र मात्र १०.४ वरून ८.६ इतकंच उतरतं. झाडसंख्या सीमेवर फार हलते, खोडक्षेत्र कमी हलतं. दोन गावांच्या आराखड्यांची तुलना करताना संख्येआधी सीमा विचारा.

नालाकाठ

‘छातीची उंची’ हाही शब्द नीट धरायला हवा. आपल्या देशात ती १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फूट. बऱ्याच परदेशी पुस्तकांत १.३ असते. मोजणाऱ्याची छाती कुठं येते त्याच्याशी संबंध नाही, १.३७ मीटरची काठी कापून घ्या आणि प्रत्येक झाडाला लावा.

उतारावर काठी वरच्या बाजूनं टेकवायची. झाड कललेलं असेल तर उंची खोडाच्या कलासोबत मोजायची आणि टेप खोडाला काटकोनात गुंडाळायचा. १.३७ च्या खाली फाटलेलं झाड दोन म्हणून मोजायचं, वर फाटलेलं एक. नेमकी तिथंच गाठ असेल तर गाठीच्या वर आणि खाली सारख्या अंतरावर मोजून सरासरी घ्यायची. काटेसावरीसारख्या पुठ्ठे (बुंध्याला बाहेर आलेले फाळ) फुटलेल्या खोडाला पुठ्ठ्यांच्या वर मोजायचं. वेल टेपखाली आला की गोलाई फुगते. वेल ओढून टेप त्याच्याखालून घ्या. मागच्या बाजूला टेप लोंबला तरी आकडा जास्तच येतो, म्हणून दुसरा माणूस मागं हवाच.

प्लॉटचं बोलायचं तर ०.१ हेक्टरचा चौकोन ३१.६२ मीटर बाजूचा. कोपरे काटकोनात बसले का, हे कर्णावरून कळतं: दोन्ही कर्ण ४४.७२ मीटर यायला हवेत. गोल प्लॉट करायचा तर त्रिज्या १७.८४ मीटर, पण बांबूच्या रांजीत (बेटात) मधून दोरी फिरत नाही, तिथं चौकोन सोपा.

दोरी आडवी धरायची, जमिनीला समांतर नाही. २० अंशांच्या चढावर जमिनीला लावून ३१.६२ मोजलं तर प्लॉट खरं तर लहान झाला. तिथं उताराच्या दिशेनं ३३.६५ मीटर जावं लागतं. हे विसरलं की डोंगरावरचं जंगल कागदावर विनाकारण विरळ दिसतं. सीमेवरच्या झाडाच्या खोडाचा मध्य आत असेल तर झाड आत.

तेंदूपान (कुरखेडा)

छत्र-घनता आमच्या गटानं नजरेनं लिहिली. तिघांनी पाहिलं, तिघांचं मत वेगळं. यासाठी सोपं साधन आहे का?

हिरडा-बेहडा

आहे. वीतभर पीव्हीसी पाइप घ्या, एका तोंडावर दोऱ्याची फुली ताणून बांधा आणि पाइप उभा सरळ राहतो का ते पाहायला बाजूला ओळंबा लोंबवा. प्लॉटच्या दोन्ही कर्णांवरून चाला आणि दर मीटरला वर पाहा. फुलीच्या मध्यावर पान किंवा फांदी आली तर ‘झाकलं’, आभाळ आलं तर ‘उघडं’. दोन कर्णांचे मिळून ८८ बिंदू होतात. त्यातले ५३ झाकलेले असतील तर छत्र-घनता ०.६०.

त्याच वेळी बिंदूपुढे दोन अक्षरं जास्त लिहा: कोणती जात आणि कोणता थर. खालच्या पानांआड वरचं दिसत नसेल तर एक पाऊल बाजूला सरकून वर फांदी आहे का ते पाहा. थरवार बेरीज १०० टक्क्यांच्या वर गेली तर घाबरू नका, एकाच जागेवर येनचं छत्रही असतं आणि त्याखाली बांबूही. एकूण छत्र-घनता मात्र १ च्या वर जात नाही. म्हणूनच ०.६ मधून थर कळत नाहीत. एका थराचं साग रोपवनही ०.६ असतं आणि मोह-येनखाली धावडा, त्याखाली कुडा असलेलं जंगलही ०.६.

ऋतू सांभाळा. हे काम पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आसपास करा. मार्चमध्ये साग उघडा, मोह पानं गाळून फुलावर. त्या दिवसांतली ०.३ आणि नोव्हेंबरची ०.६ एकाच जंगलाची असू शकते. आकड्यापुढे महिना लिहिलाच पाहिजे.

गेरूपट्टा

आता आडजात. हा शब्द लाकडाच्या डेपोतला आहे. डेपोत साग वेगळा आणि बाकी सगळं आडजात, कारण तिथं भाव त्यावर ठरतो. विक्रीच्या पावतीवर तो चालतो, व्यवस्थापनाच्या तक्त्यात त्याला जागा देऊ नये असं माझं ठाम मत आहे. आडजात म्हटलं की बिजा आणि गराडी अशी अगदी वेगळी झाडं एका रकान्यात बसतात, आणि नेमकं जे कळायला हवं तेच झाकलं जातं.

ते कसं, पाहा. मिश्र वयाच्या जंगलात १५-१५ सेंमी गोलाईचे गट पाडले तर बारकी झाडं भरपूर, मधली त्याहून कमी, जाड थोडी, अशी उतरंड दिसते. फ्रान्समध्ये द लिओकूर यांनी १८९८ मध्ये दाखवलं की अशा जंगलात एका गटातून पुढच्या गटात जाताना संख्या साधारण ठरावीक पटीनं घटते. आडजातीची अशी उतरंड छान दिसली की लोक लिहितात, ‘पुनरुत्पादन समाधानकारक’. जातवार फोडा आणि बघा: बारकी सगळी गराडी, लेंडिया, धावडा, मोह फक्त १२० सेंमीच्या वर, १५ ते ६० मध्ये एकही नाही. म्हणजे आजचा मोह भरपूर दिसतो, पण त्याच्या मागं कोणी नाही. मोहाखाली फुलं वेचण्यासाठी पाला जाळला जातो आणि टोळीही (मोहाची बी) गोळा होते, त्यामुळे रोप टिकत नाही. आडजातीच्या रकान्यातून हे कधीच कळलं नसतं.

तेव्हा रकाने जातीचे हवेत. यादी लांबते, पण पंचवीस-तीस नावांत बहुतेक झाडं बसतात. नावं गावात बोलतात तीच लिहा, मात्र सगळ्या गटांनी एकच नाव वापरायचं. एकानं ‘येन’, दुसऱ्यानं ‘ऐन’ आणि तिसऱ्यानं ‘साजा’ लिहिलं की बेरजेत एका झाडाच्या तीन जाती होतात.

मोजणीदार

वरच्याला जोडून: ‘रोपं’ हा रकानाही तसाच फसवा. बियाचं नवं रोप, मुळापासून दरवर्षी फुटणारा कोंब आणि थुटाचा (तोडलेल्या झाडाच्या बुंध्याचा) फुटवा, तिन्ही वेगळं लिहा. साग आणि बिज्याची रोपं आगीनं, कोरड्यानं वरून जळतात आणि पावसात पुन्हा त्याच मुळातून फुटतात. वीतभर दिसणाऱ्या कोंबाखाली अंगठ्याएवढं मूळ असू शकतं. आग थांबली तर तेच एकदम उंची धरतं. बियाच्या कोवळ्या रोपाकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही. दोन मीटरच्या वर गेलेलं रोप ‘स्थिरावलेलं’ धरायची पद्धत आहे.

किती प्लॉट घ्यायचे, हेही कोणीतरी विचारेलच. मिश्र जंगलात प्लॉटागणिक फरक मोठा असतो. फरकाचं प्रमाण सरासरीच्या ६० टक्के असेल आणि तुम्हाला १५ टक्क्यांपर्यंतची चूक चालणार असेल, तर (२ × ६० ÷ १५) चा वर्ग, म्हणजे ६४ प्लॉट. फरक ३० टक्के असेल तर १६ पुरतात. त्यामुळे आधी नालाकाठ, उतार, पठार असे भाग पाडा आणि प्रत्येक भागात वेगळे प्लॉट टाका. भागाच्या आतला फरक कमी होतो, कष्ट वाचतात. जागा नकाशावर जाळी आखून ठरवा. पायवाटेजवळची सोयीची जागा निवडली तर मोजणी पायवाटेची होते.

नालाकाठ

‘विरळणी’ आणि ‘सुधारणा तोड’ याही दोघांची सरमिसळ आराखड्यात दिसते. विरळणी ही एकाच वयाच्या दाट रोपवनातली: सारख्या झाडांतली काही काढून उरलेल्यांना जागा. मिश्र जंगलात ‘३० टक्के विरळणी’ लिहिलं की तोड सरसकट होते, आणि सागाला जागा म्हणून बाकीचं जातं. तिथं सुधारणा तोड, म्हणजे काम झाडावार करायचं: आधी राखायचं झाड ठरवा, त्याला गेरूचा पट्टा मारा, मग त्याच्या छत्राला घासणारं एखाद-दुसरं झाड काढा. मोह, चार, तेंदू, हिरडा, बेहडा, कुसुम आणि ढोलीचं झाड यांना हात नाही. थुटावरचे फुटवे कमी करायचे तर जमिनीलगतचे एक-दोन जोमदार ठेवा. उंच थुटावरचा फुटवा पुढं वाऱ्यानं फाटतो. साग सावलीत वाढत नाही, त्यामुळे दाट छत्राखाली सागाची रोपं नाहीत ही तक्रार म्हणून लिहू नका.

तेंदूपान (कुरखेडा)

समजलं. बांबू राहिला. तो झाडसंख्येत धरायचा का?

कटांग

नाही. बांबूला स्वतःचा तक्ता द्या. एकक रांजी: हेक्टरी किती रांज्या आणि दर रांजीत करला, महिला, पक्का किती. करला म्हणजे चालू पावसाळ्याचा, महिला दुसऱ्या वर्षाचा, त्यापुढचा पक्का. कटाई फक्त पक्क्याची, तीही रांजीच्या आतून. बाहेरच्या कडेचे सोपे म्हणून तोडले तर मधे जुनं जाळं अडकून राहतं आणि नवा कोंब वाकडा येतो. करला खोडावरचं आवरण आणि पांढुरकी भुकटी यावरून ओळखू येतो. पावसाळ्यात कटाई बंद. कोंब तेव्हाच फुटतात आणि पायाखाली मोडतात.

छत्र-घनतेत मात्र बांबू धरा आणि पाइपच्या नोंदीत ‘बां’ असं वेगळं लिहा. कारण उपग्रहावरून होणाऱ्या वनाच्छादनात बांबूही मोजला जातो. मानवेल (बांबूची एक जात) एकगठ्ठा फुलून वाळला की कक्ष मध्यम घनातून खुल्यात घसरू शकतो, एकही झाड न तुटता. वनहक्काच्या २०१२ मधल्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेचा आराखडा कार्य आयोजनेशी जोडायचा असतो, तेव्हा हा फरक विचारला जाणारच. ‘बां’ची नोंद असेल तर घट बांबूची की झाडांची, ते त्याच कागदावरून दाखवता येतं.