एए मिटिंगला पहिल्यांदा जायचंय, पण ओळखीचं कोणी भेटलं तर?

कोयनाकाठ
नमस्कार. वय ४१, साताऱ्याजवळ एमआयडीसीत फिटर आहे. गेल्या महिन्यात बारा दिवस दवाखान्यात होतो. दारू बंद होऊन आज २३ दिवस झाले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, मिटिंगला जात जा. पण कुठे, कधी, कोणाला विचारायचं, काहीच सांगितलं नाही. सासुरवाडी इथलीच, त्यामुळे कोणी ना कोणी भेटणारच. आणि तिथे उभं राहून बोलावं लागतं का? मला चारचौघांत बोलता येत नाही. सात तारखेला पगार आहे. त्या संध्याकाळची फार धास्ती वाटतेय.

लोकलवाला
दादा, मी डोंबिवलीचा. साडेसहा वर्षं झाली, थेंब नाही.

अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या भारतातल्या वेबसाइटवर ग्रुपची माहिती आणि फोन नंबर मिळतात. पण यादी बघून थेट जाऊ नका, आधी फोन करा. ग्रुप बऱ्याचदा शाळेच्या वर्गात नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये भरतात. परीक्षा, सुट्ट्या आल्या की जागा बदलते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं. घरी पोचायच्या आधी प्यायलो. पुढची मिटिंग गाठायला मला आठ महिने लागले. म्हणून सांगतोय, फोन करा.

ती मिटिंग पालिकेच्या शाळेत, दुसरीच्या वर्गात होती. बाक इतके बुटके की गुडघे पोटाशी येत होते. फळ्यावर सातचा पाढा तसाच. माझे हात तेव्हा सारखे थरथरायचे. चहा देणाऱ्या काकांनी एकदा माझ्या हातांकडे पाहिलं आणि ग्लास अर्धाच भरला. बोलले काही नाहीत. घरी त्या हातांकडे सगळे रागाने नाहीतर कीव करत बघायचे. इथे एका माणसाला ठाऊक होतं की भरलेला ग्लास सांडेल. दुसऱ्या दिवशी मी त्या अर्ध्या ग्लासापायी परत गेलो.

बोलायची सक्ती नसते. "आज फक्त ऐकतो" म्हटलं की झालं. मी पहिले अकरा दिवस तोंड उघडलं नाही. फी नाही, हजेरीपट नाही. शेवटी पिशवी फिरते, ज्याला जमेल तो दहा-वीस टाकतो. नवीन माणसाकडून कोणी अपेक्षा करत नाही आणि बाहेरच्यांची देणगी एए घेतच नाही. ओपन मिटिंगला घरचेही येऊ शकतात, क्लोज मिटिंग फक्त आपली.

आता ओळखीचं. तिसऱ्याच दिवशी माझ्या मुलाच्या शाळेतले क्लार्क समोरच्या बाकावर. दोघांच्याही माना खाली. आज रात्री अकरा वाजता जीव तळमळला तर पहिला फोन मी त्यांनाच लावतो. तरी मन घेत नसेल तर सुरुवातीच्या मिटिंग पुण्यात करा. ऑनलाइनही असतात, कॅमेरा बंद ठेवून ऐकत बसा.

एखादा जुना मेंबर म्हणेल, गोळ्या सोड, मिटिंग पुरेशी आहे. अजिबात ऐकू नका. गोळ्यांचं डॉक्टरच सांगतील. एएच्या बारा पायऱ्यांत (दारूपासून दूर राहायचा क्रम) देवाचा उल्लेख आहे, त्यालाही बिचकू नका. आमच्यात माळकरी आहेत आणि देव न मानणारेही, दोघंही सोबर आहेत. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रनला एक शेअरबाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, समोरासमोर बसून बोलले, तिथून हे सुरू झालं. अजूनही कामाचं तेवढंच आहे.

सात तारखेला शिफ्ट सुटली की घरी नको, थेट मिटिंगला. एटीएम कार्ड सकाळीच वहिनींकडे द्या.

अबोली_७२
भाऊ, मी पिणाऱ्याची बायको. वहिनींनाही एकटं ठेवू नका. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या मिटिंग असतात. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही (डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं) बायकांसाठी सहचरी गट आहे.

"नकळत दारू सोडवा" अशी जाहिरात बघून मी दोन वर्षं आमटीत पूड कालवत होते. एका रात्री हे पिऊन आले, जेवले आणि चेहरा लालबुंद, छाती धडधडायला लागली, उलट्या थांबेनात. डॉक्टर म्हणाले, पुडीत काय होतं देव जाणे, पण असं न सांगता औषध देणं जिवावर बेततं. ही गोष्ट मी आईलासुद्धा सांगितली नव्हती. गटात पहिल्यांदा बोलले, तर समोरच्या दोघी रडायला लागल्या. त्यांनीही घातली होती.

सिस्टर_मीरज
हा धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: रोज भरपूर पिणाऱ्याने मनाने एकदम बंद करू नये. फिट येते, भास होतात. आधी डॉक्टर, मग मिटिंग. १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन टोल फ्री आहे.

कोयनाकाठ
सगळ्यांचे आभार. काल तीनदा ग्रुपचा नंबर लावून कट केला. चौथ्यांदा तिथल्या एका मेंबरनेच उलट फोन केला. मी म्हणालो चुकून लागला. ते म्हणाले, माझाही पहिला चुकूनच लागला होता. वीस मिनिटं बोललो.

अबोलीताई, बायकोला तुमचं वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण अल-अनॉन कसं लिहितात ते विचारून घेतलं.

सात तारखेला संध्याकाळी सव्वासहाला ते एसटी स्टँडवर घ्यायला येणार आहेत. हिरवी पिशवी हातात असेल म्हणाले.