मदत हवी आहे : स्पेन, भाड्याची गाडी आणि जुन्या वाड्यांतले मुक्काम

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात स्पेनला जायचं घाटतंय. आम्ही तिघं. मी, नवरा (वय ६३, गाडी चालवायची भारी हौस) आणि नणंद (वय ६८, गुडघे कुरकुरतात, पण तोंडाने कधी कुरकुरत नाही). मागे एका टूर कंपनीबरोबर युरोप 'केला' होता. रोज पहाटे सहाला बॅगा दाराबाहेर! परत आल्यावर कुठला चर्च कुठल्या गावातला, यावरून आमच्यात अजून वाद होतात. तेव्हाच ठरवलं, पुढच्या वेळी आपली गाडी आणि आपलं घड्याळ.

तिकडे 'पारादोर' नावाची हॉटेलं आहेत हे वाचलं आणि अडकले. आपल्या एमटीडीसीसारखी सरकारी, पण बरीचशी जुने किल्ले, मठ, सरदारांचे वाडे यांत थाटलेली. पहिलं १९२८ मध्ये ग्रेदोसच्या डोंगरात सुरू झालं, आता देशभर नव्वदच्या वर आहेत. नकाशा घेऊन बसले, तर सगळीकडेच राहावंसं वाटायला लागलं. शेवटी हा बेत उरला :

माद्रिदला उतरून २ रात्री आराम. मग गाडी घेऊन तोलेदो (१ रात्र), आल्माग्रो (१), उबेदा (२), ग्रानादा (२), रोंदा (१), कार्मोना (२). सेव्हिलला गाडी परत करायची आणि ट्रेनने माद्रिद.

आता शंका.

एका दिवसात दोन-अडीच तासांपेक्षा जास्त गाडी नको, ही माझी एकमेव अट. या बेतात ती पाळली जाते का?

ह्यांनी सगळी हयात पुण्यात गाडी चालवली. रस्त्याच्या उजव्या बाजूने, डावीकडे बसून चालवणं या वयात कितपत जमेल? हे म्हणतात, "त्यात काय एवढं?" हेच वाक्य स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करतानाही ऐकलं होतं.

नणंद पक्की शाकाहारी, अंडं चालतं. तिला रोज ब्रेड-बटाट्यावर ठेवायचं नाहीये.

आणि ग्रानादाचं पारादोर बाकीच्यांपेक्षा फार महाग दिसतंय. तेवढे पैसे घालावेत का?

प्रतिसाद १

ताई, बेत छान आहे, पण एकेका रात्रीचे मुक्काम तीन झालेत. बॅगा बाहेर काढा, आत ठेवा, पुन्हा तेच. तोलेदो माद्रिदहून जेमतेम ७० किमी. ते माद्रिदमधूनच ट्रेनने दिवसभरात करा, अर्ध्या तासाचं काम. वाचलेली रात्र रोंदाला द्या.

दुसरं, सगळीच पारादोर जुन्या इमारतींत नाहीत. तोलेदोचं मागच्या शतकात बांधलेलं आहे आणि गावात नाही, नदीपल्याड टेकडीवर आहे. तिथून गावाचा देखावा अप्रतिम, पण खरा वाडा शोधत गेलात तर हिरमोड होईल. रोंदाचं जुन्या नगरपालिकेच्या इमारतीत आहे. दर्शनी भाग तेवढा जुना, आतून सगळं नवं. पण ते दरीच्या अगदी काठावर, १७९३ मध्ये पूर्ण झालेल्या पुलाला खेटून आहे, म्हणून माफ. उबेदाचं मात्र सोळाव्या शतकातला अस्सल वाडा, मधे चौक आणि भोवती खांबांच्या ओवऱ्या. आपल्या वाड्यांची आठवण येईलच. अस्सल वाडा म्हणजे अस्सल जिनेही, तेव्हा गुडघ्यांचं आधीच ईमेलने कळवा आणि खालची किंवा लिफ्टजवळची खोली मागा.

अंतरं ठीक आहेत. तोलेदो वगळलंत तर माद्रिद ते आल्माग्रो दोन तासांच्या थोडं वर, आल्माग्रो-उबेदा साधारण दीडशे किमी. वाटेत देस्पेन्यापेरोसची खिंड लागते, तिच्यापलीकडे आन्दालुसिया, म्हणजे स्पेनचा दक्षिणेकडचा प्रांत. त्यानंतर नजर जाईल तिथवर ऑलिव्ह. ग्रानादा ते रोंदा मात्र दोन-अडीच तास खरेच लागतात, त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका.

प्रतिसाद २

गाडीबद्दल. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, वर्षभर चालतो, आणि मूळ लायसन्सही सोबत हवंच. गाडी ऑटोमॅटिकच घ्या. तिथे गिअरच्या गाड्या स्वस्त आणि सहज मिळतात, पण उजव्या हाताने गिअर टाकायचा, उजव्या बाजूने चालायचं आणि गोल चौकात उलट्या दिशेने फिरायचं, हे सगळं पहिल्याच दिवशी नको. गोल चौकात आधीच आत असलेल्याला पहिला मान. पेट्रोलपंपावर 'गासोलिना' म्हणजे पेट्रोल आणि 'गासोलेओ' म्हणजे डिझेल. आम्ही नळी हातात घेऊन दहा मिनिटं वाद घातला होता, म्हणून सांगतोय. महामार्गावर १२० ची मर्यादा, डावी लेन फक्त ओव्हरटेकला.

माद्रिदमध्ये राहताना गाडी घेऊच नका, निघायच्या दिवशी सकाळी घ्या. पहिला तास ताई तुम्ही शेजारी बसून "उजवीकडे, उजवीकडे" म्हणत राहा. राग येईल, पण उपयोग होतो.

प्रतिसाद ३

मी शाकाहारी, दोनदा जाऊन आले. 'मांस नको' सांगितलं तरी हॅमचे तुकडे येतात, कारण तिथे बऱ्याच जणांच्या हिशेबी हॅम हे मांस नसतंच! सॅलडमध्ये टूना असतो. 'सिन हामोन, सिन आतून' (हॅम नको, टूना नको) हे पाठ करा. आल्माग्रोला वांग्यांचं लोणचं मिळतं, छोटी अख्खी वांगी, व्हिनेगर आणि जिऱ्याची. नणंदबाईंना आवडेल. सेव्हिलकडे पालक-चणे, कोर्दोबाकडे तळलेल्या वांग्यांवर मध किंवा काकवी. साल्मोरेखो हे टोमॅटोचं थंड, दाट सूप मागवलंत तर वरचं हॅम काढायला सांगा, अंडं राहू द्या. रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी मिळणं कठीण, दुपारी पोटभर जेवा.

ग्रानादाबद्दल माझं मत वेगळं पडेल. पैसे असतील तर राहा, नाहीतर संध्याकाळी गच्चीत कॉफी प्या, बाहेरच्यांनाही जाता येतं. ती इमारत म्हणजे अल्हाम्ब्राच्या (मुस्लिम सुलतानांचा टेकडीवरचा किल्ला आणि राजवाडे) आवारातला फ्रान्सिस्कन मठ. स्पेनची राणी इसाबेला १५०४ मध्ये वारली, तिला आधी तिथेच पुरलं होतं. १५२१ मध्ये खाली शहरातल्या राजेशाही चॅपेलमध्ये हलवलं. पण तिथे राहिलात म्हणून नासरी महालाचं, म्हणजे अल्हाम्ब्रातल्या सुलतानांच्या मुख्य राजवाड्याचं, तिकीट मिळत नाही. ते वेगळं, नावावर, ठरलेल्या वेळेचं, आणि फार आधी संपतं. मुक्काम ठरवण्याआधी तिकिटाची तारीख बघा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. तोलेदोचा मुक्काम रद्द, रोंदा २. ऑटोमॅटिकला ह्यांनी मान डोलावली, जरा नाराजीनेच. ग्रानादाबद्दल घरात मतदान झालं. मी आणि नणंद राहायच्या बाजूने, एक विरोधात, म्हणजे ठरलं. आधी महालाचं तिकीट काढते, मगच खोली.

एकच राहिलं. उबेदाला दोन रात्री आहेत, तर बाएसा फक्त ९ किमीवर दिसतंय. ते गाडी न काढता, बसने होईल का? त्या दिवशी ह्यांनाही दुपारी झोपायचंय.